मूळ जीप कोणती?

जुन्या वस्तूची दुरुस्ती म्हणजे तिला मूळ रूपात परत आणणे, असे आपण सहज मानून चालतो. गेली दोन वर्षे आमच्या घरामागे उघडून ठेवलेल्या जीपने हा समज बराच डळमळीत केला आहे. पाठचिकित्सा शिकवताना 'मूळ संहिता' हा शब्द आम्ही जपून वापरतो. पाना हाती घेतल्यावरही तितकेच जपावे लागेल, याची मात्र कल्पना नव्हती.

जीपचा उगमच मुळी एकहाती नाही. अमेरिकी सैन्यासाठी १९४० साली पहिला नमुना केला तो बँटम या छोट्या कंपनीने. इंजिन सरस ठरले ते विलीसचे. आणि जिला आज जीपचा चेहरा म्हणतात ती पत्र्याची जाळी फोर्डची. फोर्डने आपण घडवलेल्या भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उमटवले. युद्धकालीन जीप पुन्हा उभी करणारे हौशी लोक अजूनही ते अक्षर असलेले बोल्ट शोधत फिरतात.

१९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. आद्याक्षरे तीच राहिली. (नामांतराचा इतका काटकसरी नमुना आमच्या पाहण्यात नाही.) या कंपनीने आरंभी सुट्या भागांतून जीप जोडल्या, पुढे त्या येथेच घडवल्या. आमची गाडी 'सीजे-३बी' जातीची. तिचे बॉनेट उंच, कारण १९५३ साली बसवलेल्या नव्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर आले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे ते पुढेही दीर्घकाळ बनत राहिले. आमची जीप नेमकी १९६८ची आहे.

तिच्या बॉनेटखाली आज ते पेट्रोल इंजिन नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलची जीप पोसणे अनेकांना जड झाले आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनी तिच्यात डिझेल इंजिने बसवली. पुढे खुद्द कंपनीनेही आपल्या ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल इंजिन जीपला दिले. आमच्या जीपमध्येही ट्रॅक्टरच्या जातीचेच इंजिन आहे, आणि नोंदणीपुस्तकात इंधनबदलाची रीतसर नोंद आहे.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातलेली जाड लोखंडी चकती निघाली. दोन वेगळ्या घराण्यांची यंत्रे जुळवण्यासाठी कुणा मिस्त्रीने ती केली होती. काजळी पुसली तेव्हा तिच्या कडेला छिन्नीने कोरलेली दोन अक्षरे दिसली : 'वर'. चकती उलटी बसू नये म्हणून केलेली ही खूण. आमच्या दृष्टीने फोर्डच्या 'एफ'पेक्षा हा शिलालेख अधिक बोलका आहे.

बाकीची कामे कष्टाची, पण वादाची नव्हती. पुढच्या चाकांचे किंगपिन बेअरिंग झिजून स्टिअरिंग थरथरत होते. शिम घालून नवी बेअरिंगे योग्य ताणावर बसवायची, तर स्टिअरिंगच्या दांडीला स्प्रिंगचा काटा लावून ओढ मोजावी लागते. आम्ही भाजीवाल्याचा काटा मागून आणला. कमानपाट्यांचे बुश बदलले. ब्रेकची नळी एके ठिकाणी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जात, म्हणून दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवला. हा प्रक्षेप आमचाच; त्याबद्दल आम्हांला खंत नाही.

अडचण इंजिनाची. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र ते मूळ रूपात हवे, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आमची जीप वयाने पात्र, पाठाने अपात्र! एका परिचिताने जुने पेट्रोल इंजिन देऊ केले. ते बसवले तर गाडी 'शुद्ध' दिसेल, पण ती शुद्धी आज केलेली असेल. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्यापूर्वीचा पाठ शोधण्याचे काम पुढच्या अभ्यासकांना पुरून उरले, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. त्या कामाची थोरवी वादातीत आहे. पण आमच्यापाशी ना तो अधिकार, ना दुसरी प्रत. फेरफार गैर, हे आम्हांला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई केली, तीही सुरक्षिततेसाठी योग्यच. परंतु टंचाईच्या दशकात केलेला, दप्तरी नोंदलेला बदल पुसून टाकला, तर ही गाडी इतकी वर्षे चालती कशी राहिली, हे सांगणारा एकमेव पुरावा भंगारात जाईल.

पेट्रोल इंजिन आम्ही आभार मानून परत पाठवले. चकती घासून, तेल लावून, 'वर' वर ठेवून पुन्हा बसवली आहे. क्लच अजून थोडा अडतो. दिवाळीच्या सुटीत तो पाहू.