फोटोची मागची बाजू

राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढं आहे, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक. थंडीतल्या कुठल्याही रविवारी सकाळी तिथे पोचा, नेढ्यात बसून फोटो काढून घ्यायला रांग लागलेली असते. एकेका माणसाचे पंधरा-वीस फोटो आणि वर सेल्फी. मीही त्या रांगेत बऱ्याचदा उभा राहिलोय, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. पण रांगेत वेळ भरपूर असतो आणि रिकाम्या डोक्यात भलतेच प्रश्न येतात. एकदा असाच प्रश्न आला, हाच फोटो दीडशे वर्षांपूर्वी काढायचा झाला असता तर गुंजवण्यातून वर काय काय चढवावं लागलं असतं? उत्तर शोधायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले.

तर सुरुवात १८५१ पासून. त्या वर्षी फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने कोलोडियनची 'ओली काच' पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही लवकर. म्हणजे डार्करूम फोटोग्राफरच्या शेजारीच हवी. ती घरी ठेवून डोंगरावर जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोयही फारशी नव्हती. जेवढी काच तेवढा फोटो. मोठा फोटो हवा असेल तर मोठी काच, मोठा कॅमेरा, मोठी पेटी. शिवाय अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि धुवायला स्वच्छ पाणी. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात पहिल्यांदा फोटो काढायला निघाला तेव्हा सामान वाहायला तीसएक हमाल होते! चोरदरवाज्याच्या शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरून चढताना या तंबूची आणि काचांची आठवण काढून बघा, पाठीवरची सॅक एकदम हलकी वाटते.

प्रवाशांसाठी दुसरा मार्ग होता, मेणकागदाचा. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच माणसाने त्याच सुमारास शोधलेला. कागदाला आधीच मेण लावायचं, रसायनात बुडवून वाळवायचं आणि बरोबर न्यायचं. डेव्हलप नंतर केला तरी चाले. चित्र काचेइतकं रेखीव येत नसे आणि एकेका फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागत, पण डार्करूम मुक्कामी ठेवून हिंडता येई. ईस्ट इंडिया कंपनीने १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्जला फोटोग्राफर म्हणून विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात पाठवलं, तो कागदी निगेटिव्हच वापरायचा. त्याचं काम होतं जुन्या इमारती, देवळं आणि लेणी टिपायचं.

आता प्रश्न असा की हे सगळं सरकारी साहेबांचंच काम होतं का? अजिबात नाही. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भारतातली पहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या आधी दोन वर्षं. छंद म्हणून फोटो काढणाऱ्यांनी एकत्र यायचं, काढलेले फोटो दाखवायचे, कुठलं रसायन इथल्या हवेत बिघडतं ते एकमेकांना सांगायचं. सभासद बहुतेक इंग्रज, पण डॉ. भाऊ दाजी लाड त्यात होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. दोघंही डॉक्टर. दिवसभर पेशंट आणि उरलेल्या वेळात कॅमेरा. (वीकेंडचा छंद हा आयटीवाल्यांनी लावलेला शोध नाही, एवढं यावरून कळावं.) १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक निघत होतं आणि त्यात खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. नावातच 'अमॅच्युअर' आहे. म्हणजे आपल्याकडे फोटोग्राफी रुजली त्यात हौशी लोकांचा हात मोठा होता.

पुढे डार्करूम पाठीवरून उतरून घरात आली. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी काच सुचवली आणि दहाएक वर्षांत ती बाजारात रुळली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. शंभर फोटो काढा आणि अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवा, बाकीचं आम्ही बघतो! पण आपल्याकडे डार्करूम म्हणजे बराच काळ घरचंच प्रकरण राहिलं. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेला, गोध्र्याला स्टुडिओ काढलेला माणूस. १९१२ मध्ये विलायतेहून सिनेमाचा कॅमेरा आणला तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडणं आणि रसायनं तयार करणं ही कामं दादरच्या घरात, रात्रीच्या अंधारात सरस्वतीबाई करत होत्या. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'बद्दल बोलताना या कामाचा उल्लेख झाला पाहिजे, असं मला नेहमी वाटतं.

आपल्या आधीच्या पिढीला आठवतो तो मात्र आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. पुढे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्मही दुकानात मिळायला लागली. ज्यांना छंद जास्त चढला ते घरच्या बाथरूमची डार्करूम करत. खिडकीला काळा कागद, लाल बल्ब, उलट्या बादलीवर किंवा फळीवर एन्लार्जर, तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात ॲसेटिक ॲसिडचं पाणी, तिसऱ्यात हायपो. डेव्हलपर साधारण २० अंशांवर हवा. मे महिन्यात पुण्याच्या नळाचं पाणी त्यापेक्षा कितीतरी गरम, म्हणून शेजारून बर्फ मागायचा. हायपो नीट धुतला नाही तर वर्षा-दोन वर्षांत फोटो पिवळा पडतो, म्हणून अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवायचा. तोपर्यंत घरच्यांनी बाथरूमचं दार वाजवत राहायचं :)

माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी हे सगळं केलंय. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यात निगेटिव्ह आहेत, सत्तरच्या दशकातल्या. मागून आणलेल्या यशिका कॅमेऱ्यावर काढलेल्या. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहिलंय, राजगड, संजीवनी माची, तारीख, सकाळचे सात, पिवळा फिल्टर. (काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पावसाळी ढग उठून दिसायला पिवळा फिल्टर लागतो.) एवढं का लिहून ठेवलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अरे, बाराच फोटो मिळायचे. एखादा चुकला तर का चुकला ते पुढच्या वेळी कळायला नको?" म्हणजे त्यांनी इतिहासासाठी वगैरे काही लिहिलं नव्हतं. पुढचा रोल वाया जाऊ नये म्हणून लिहिलं होतं.

पण आज तीच पाकिटं इतिहास आहेत. कारण या भागात बदललेल्या गोष्टींची यादी करायची तर मोठी होईल. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे गड १९४८ पर्यंत भोर संस्थानात होते, पंतसचिवांच्या ताब्यात. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं आणि खोऱ्याचा नकाशाच बदलला. कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ एरवी पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. मग कॅमेरेवाले तिकडे पळतात, मीही गेलोय. अलीकडे गुंजवणीवर धरण झालं आणि गडावरून खाली बघितलं की जिथे पूर्वी भाताची खाचरं होती तिथे पाणी दिसतं. इतकंच काय, वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णयही मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. उद्याच्या मुलाला 'वेल्हे तालुका' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल.

आता समजा, तोरण्याच्या झुंजार माचीवरून काढलेला एक जुना फोटो हाताला लागला. खाली दरी, पाणी नाही. तारीख असेल तर तो पुरावा आहे, अमुक साली इथे शेती होती, बुरूज इतका शाबूत होता. तारीख नसेल तर ते नुसतं 'छान दृश्य' आहे. फरक फक्त मागच्या एका ओळीचा.

गो. नी. दांडेकरांचं (१९१६-१९९८) उदाहरण बघा. लोक त्यांना कादंबरीकार म्हणून ओळखतात, पण गोनीदा गळ्यात कॅमेरा अडकवून वर्षानुवर्षं गड हिंडले आणि राजगडावर तर त्यांचा विशेष जीव होता. त्यांचे फोटो पुढे 'गोनीदांची दुर्गचित्रे' या पुस्तकात आले. धंदेवाईक फोटोग्राफर नसलेल्या माणसाने प्रेमापोटी केलेलं हे काम. त्यांच्यामागे घरचे लोक होते, वाचक होते, म्हणून ते टिकलं. बाकीच्या शेकडो हौशी लोकांचे फोटो माळ्यावर पडून आहेत. आणि आपल्या मावळातला पाऊस त्यांना सोडत नाही. दमट हवेत जिलेटिनवर बुरशी धरते. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने आणि ओलीने सडायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, शेजारच्या रोललाही लागतं. जुनं खोकं उघडल्यावर तसा वास आला तर ती निगेटिव्ह आधी बाजूला काढा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा.

तुम्ही म्हणाल, आता काय प्रॉब्लेम आहे, आता तर तारीख आपोआप पडते. बरोबर. १९९५ पासून एक्झिफ नावाचं स्टँडर्ड आहे. फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, लेन्स, शटर आणि हल्ली अक्षांश-रेखांशसुद्धा लिहिलेले असतात. काकांच्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी जास्त माहिती. पण आपण फोटो ठेवतो कुठे? ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आणि तिथे साधा फोटो म्हणून टाकला की एक्झिफ गळून पडतो. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो पाठवल्या-घेतल्याची, काढल्याची नव्हे. म्हणजे २०१५ चा राजगड कुणी २०२३ मध्ये फॉरवर्ड केला की तो २०२३ चा राजगड होऊन बसतो. त्यात फोन बदलला, मूळ फाइल गेली, की संपलं. ओल्या काचेपासून इथपर्यंत येताना डार्करूम पाठीवरून बाथरूममध्ये, तिथून दुकानात आणि शेवटी खिशात आली. प्रत्येक पायरीवर फोटो काढणं सोपं झालं आणि त्याच्याबद्दल चार शब्द लिहायची गरज कमी कमी होत गेली.

म्हणून एक करता येईल. फार नाही, रविवारचा एक तास. ट्रेकवरून आल्यावर तीनशेपैकी दहा फोटो निवडा, मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावात ठिकाण, तारीख, बरोबर कोण होतं ते लिहा. मित्राला पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, माहिती शाबूत राहते. आणि घरात कुणी जुना कॅमेरेवाला असेल तर त्याच्याशेजारी बसून खोकं उघडा. हा कुठला बुरूज, कुठलं साल, शेजारी उभा आहे तो कोण, हे सगळं विचारून प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उठतो. स्कॅनिंग पुढच्या वर्षी केलं तरी एकवेळ चालेल. सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.