जुना राउटर उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर

हॅकिंगच्या नावाखाली दोन निराळे उद्योग एकत्र मोजले जातात. एक, स्पर्धेतले कोडे सोडवणे. दुसरा, ज्याची कागदपत्रे कुणी देणार नाही असे यंत्र उलगडणे. कोडे रचणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि ते सापडावे अशीच त्याची इच्छा असते. यंत्र बनवणाऱ्याची तशी काहीच इच्छा नसते. नवशिक्यांची बरीचशी फरफट हा फरक लक्षात न घेतल्याने होते.

स्पर्धांना ‘कॅप्चर द फ्लॅग’, थोडक्यात सीटीएफ, म्हणतात. अमेरिकेतल्या डेफकॉन संमेलनात त्या १९९६ पासून होतात. आपल्याकडे अमृता विद्यापीठाच्या चमूने २०१० मध्ये इनसीटीएफ सुरू केली. गोव्यात त्याच वर्षी भरू लागलेल्या नलकॉन परिषदेची हॅकआयएम स्पर्धाही जाणकारांना परिचित आहे. सांकेतिक मजकूर, वेब, प्रोग्रामची उकल असे विभाग असतात. दडवलेली अक्षरमाळ शोधून दिली की गुण. वाशिमला घरी बसून सुरुवात करणाऱ्याला कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ सोयीची. ती फुकट आहे, सरावाची कोडी एरवीही खुली असतात, आणि लिनक्स ब्राउझरमध्येच मिळत असल्याने जुनापुराणा लॅपटॉपही चालतो. काही महिने ती जरूर करावी. पण तेवढ्यावर यंत्र उलगडता येईल हा समज खोटा. तिथला प्रत्येक धागा उत्तराकडे नेण्यासाठीच ठेवलेला असतो. यंत्रातले बरेचसे धागे कुठेच जात नाहीत.

यंत्र म्हणून जुना वायफाय राउटर घ्यावा. दुरुस्तीच्या दुकानात किंवा भंगारात तो मिळतो, बिघडला तरी हळहळ नाही, आणि अडॉप्टरमधून नऊ-बारा व्होल्टच येत असल्याने जिवाला घोर नाही. सोयाबीनच्या या पट्ट्यात शेतातल्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर उघडून पाहण्याचा मोहही अनेकांना होईल. आत अभ्यासाला भरपूर आहे. पण थ्री फेजला जोडलेला असताना त्याचे झाकण काढणे हा निव्वळ आत्मघात.

राउटरचे स्क्रू बऱ्याचदा रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण निघाले की बोर्डावर एका रांगेत चार छिद्रे किंवा चार टिकल्या दिसतात का ते पाहावे. कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेले हे सीरियल पोर्ट, म्हणजे युआर्ट. कुठली टिकली कशाची, हे मल्टिमीटर सांगतो. वीज बंद ठेवून धातूच्या आवरणाशी जी टिकली ‘बीप’ देते ती ग्राउंड. वीज सुरू केल्यावर जिथे ३.३ व्होल्ट जराही न हलता टिकून राहतात तो पुरवठा. आणि सुरुवातीचे काही सेकंद जिथला आकडा खालीवर नाचतो ती पाठवणारी तार, टीएक्स. उरलेली आरएक्स. संगणकाला जोडायचे यूएसबी-टीटीएल मोड्यूल ३.३ व्होल्टवर ठेवून ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला आरएक्स असे जोडावे, पुरवठ्याची टिकली मोकळी सोडावी. वेग (बॉड रेट) बहुधा ११५२००. पडद्यावर कचरा उमटला तर वेग चुकला, यंत्र नव्हे.

जुळले की राउटर आपली कुंडली स्वतःच वाचू लागतो: चिप कोणती, मेमरी किती, लिनक्सची आवृत्ती, फ्लॅशचे भाग कुठून कुठवर. इथून पुढे पासवर्ड आडवा आला तर आठ पायांची फ्लॅश चिप क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने वाचावी. त्याचा स्वस्त काळा प्रकार डेटाच्या तारांवर पाच व्होल्ट सोडतो, तेव्हा आधी मोजून घ्यावे. दोनदा वाचून दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ढिल्या क्लिपने दिलेल्या खोट्या फाइलीवर कितीही डोके चालवले तरी व्यर्थ. मग बिनवॉक या साधनाने फाइल फोडायची आणि आतले प्रोग्राम अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या घिड्रा या उकल-साधनात उघडायचे. कित्येकदा त्याचीही गरज पडत नाही. कारखान्याने कायमचा कोरलेला पासवर्ड साध्या मजकुरात सापडतो, आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक राउटरला तोच असतो. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने असेच साठेक ठरीव पासवर्ड आजमावून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

यंत्र उलगडण्याचे महाराष्ट्राशी निगडित एक गाजलेले उदाहरण मतदान यंत्राचे. हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गाँगग्रिप यांनी २०१० मध्ये एका यंत्राचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आकडे दाखवणारा बोर्ड बदलणे आणि मतांच्या मेमरी चिपला क्लिप लावणे, या दोन्ही प्रात्यक्षिकांत मुख्य चिपमधल्या प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. यंत्रे सुरक्षित असल्याची भूमिका निवडणूक आयोगाने कायम ठेवली. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याच्या आरोपावरून ऑगस्टमध्ये हरिप्रसादांना अटक झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेने त्यांना पायोनियर पुरस्कार दिला. अटकेमागचा प्रश्न यंत्र आले कुठून, हा होता.

हाच प्रश्न भंगारातल्या राउटरलाही लागू आहे. स्वामित्वहक्क कायद्याचे ५२ वे कलम कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रोग्रामच्या निरीक्षणाला आणि अभ्यासाला वाव देते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीशिवाय यंत्राला हात लावू देत नाही. इंटरनेट कंपनीने भाड्याने दिलेला राउटर घरात असला तरी आपला नसतो. दुकानदाराकडून विकत घ्यावा, पावती ठेवावी. आणि सापडलेला पासवर्ड शेजाऱ्याच्या राउटरवर चालवून न पाहता मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि पायऱ्या लिहून आधी कंपनीला, तिने दाद दिली नाही तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावा.