खेदिव इस्माईलचा ऑपेरा

२४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत ‘आयदा’ या इटालियन ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. आपल्या संगीत नाटकात पदांच्या मध्ये गद्य संवाद असतात. या ऑपेरात सगळेच गायले जाते. गोष्ट फारोंच्या काळातली. इजिप्तचा सेनापती रादामेस आणि राजवाड्यात गुलाम म्हणून राहणारी इथिओपियाची राजकन्या आयदा यांचे प्रेम, त्यात आड येणारी फारोची मुलगी आणि दोन्ही देशांतले युद्ध. रादामेसच्या तोंडून लष्करी गुपित फुटते, त्याला जिवंत गाडण्याची शिक्षा होते. त्या भुयारात आयदा आधीच येऊन लपलेली असते.

हा ऑपेरा लिहवून घेणारा होता इजिप्तचा मुसलमान राज्यकर्ता, खेदिव इस्माईल. नावाला उस्मानी सुलतानाचा सुभेदार, शिक्षण पॅरिसचे. १८६९ मध्ये, सुएझ कालव्याच्या उद्घाटनाच्या वर्षी, त्याने कैरोत अवघ्या काही महिन्यांत ऑपेरा हाऊस उभारले. मग इजिप्तच्याच विषयावर नवा ऑपेरा हवा म्हणून संगीतकार व्हेर्दीला दीड लाख फ्रँक दिले. कथानक फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएतचे. नेपथ्य आणि पोशाख पॅरिसमध्ये बनले आणि १८७० साली प्रशियाच्या वेढ्यात तिथेच अडकले. जानेवारी १८७१ चा मुहूर्त त्यामुळे हुकला. पुढे प्रयोग झाला, पण व्हेर्दी कैरोला गेलाच नाही. विषय इजिप्तचा, पैसा इजिप्तचा. लिहिणारे आणि संगीत देणारे मात्र सगळे युरोपियन.

रंगमंचावर इजिप्तची फौज इथिओपियाला हरवून वाजतगाजत परतते. १८७५ आणि १८७६ मध्ये इस्माईलने खरोखरच इथिओपियावर फौजा पाठवल्या. गुंडेत आणि गुरा, दोन्ही ठिकाणी त्यांचा पराभव झाला.

‘नाचगाण्यात राज्य बुडवले’ असा निकाल देणे सोपे आहे. मला तो पटत नाही. दीड लाख फ्रँक म्हणजे तेव्हाचे साधारण सहा हजार पौंड. १८७६ मध्ये इजिप्तचे कर्ज नऊ कोटी पौंडांच्या घरात होते. अमेरिकन यादवी युद्धात मुंबईप्रमाणे इजिप्तच्या कापसालाही सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला. कालवा, रेल्वे, महाल, लढाया यांवरचा खर्च मात्र चढ्या दराच्या युरोपियन कर्जावर चालूच राहिला. १८७५ मध्ये कालव्याचे शेअर ब्रिटनला विकावे लागले, १८७९ मध्ये इस्माईल पदच्युत झाला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली. युरोपसारखे दिसल्याने युरोप आपल्याला बरोबरीचा मानेल, हा त्याचा हिशेब चुकला. सावकार कर्जदाराची अभिरुची पाहत नाही.

पण याच इस्माईलच्या कारकिर्दीत, १८७२ मध्ये, अली मुबारक यांनी कैरोत ‘दारुल उलूम’ सुरू केले. देवबंदच्या दारुल उलूमशी त्याचा संबंध नाही. अल-अझहरमध्ये शिकलेल्या तरुणांना नव्या शाळांचे शिक्षक बनवणारे हे विद्यालय होते; आमच्या बी.एड. कॉलेजसारखेच म्हणा ना. ‘आयदा’ जगभर गाजली, पण तिचे ऑपेरा हाऊस १९७१ मध्ये जळाले आणि त्या जागी वाहनतळ उभा राहिला. दारुल उलूम आज कैरो विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे अजून शिक्षक घडतात. इस्माईलच्या खर्चाचा हिशेब मांडताना आपण ही बाजूही मांडली पाहिजे.