तीन चाके आणि पसरणीचा चढ

जुन्या तीनचाकी गाड्यांची आवड असलेल्या मंडळींत एक समज पक्का बसलेला आहे: ही गाडी कुठेही जाते. कच्चा रस्ता, चिखल, घाट, काहीही असो, तिसऱ्या चाकावर ती तरून जाते, असे कौतुकाने सांगितले जाते. तीनचाकी डोंगराळ मुलखात खूप चालली, हे खरे. पण ती डोंगरासाठी घडवलेली गाडी कधीच नव्हती. टंचाईच्या काळात कमी लोखंडात, कमी पैशांत आणि छोट्या इंजिनावर माल हलवायचा होता, म्हणून एक चाक गाळले गेले. डोंगरावर तिला चालवून दाखवले ते दुसऱ्याच दोन गोष्टींनी: आधीच्या शतकात आखलेल्या सौम्य चढाच्या रस्त्यांनी आणि तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकने. हे तपासून पाहायला वाई ते पाचगणी हा रस्ता फार सोयीचा आहे.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 718 मीटरवर, पाचगणी 1,293 मीटरवर, आणि दोहोंमध्ये अंतर बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे पावणेसहाशे मीटरांची चढाई असूनही सरासरी चढ 22 फुटांमागे 1 फूट इतकाच पडतो. शाहीर साबळ्यांच्या पसरणी गावावरून चढणारा हा घाट मोटारी येण्याच्या कितीतरी आधीचा. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरात पाचगणी वसू लागली, तेव्हा वर जाणारे वाहन होते बैलगाडी किंवा टांगा. भरल्या गाडीच्या बैलाला दम न लागता चढता यावे, हाच त्या काळच्या घाटरस्त्यांच्या आखणीचा निकष. त्यासाठी वळणे वाढवली, लांबी वाढवली, पण चढ आवरला. पुढे आलेल्या कमी ताकदीच्या प्रत्येक वाहनाला ही आखणी आयतीच मिळाली.

अशा वाहनांत आपल्याकडे जुने आणि सगळ्यात विचित्र म्हणजे हॅन्सिॲट टेम्पो. हॅम्बुर्गच्या विडाल कारखान्याची ही गाडी. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली आणि या गाडीचे भारतीय उत्पादन आधी मुंबईत गोरेगावला, मग 1964 पासून पुण्याजवळ आकुर्डीत होऊ लागले. मालवाहू गाडीला मराठीत ‘टेम्पो’ हे नाव पडले ते हिच्यावरून. जर्मनीत ती पन्नाशीच्या दशकातच बंद झाली. आपल्याकडे पुढे कैक दशके बनत राहिली. तिची रचना आज चमत्कारिक वाटते. दोन सिलिंडरचे, सुमारे 400 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकापाशी, आणि ओढ साखळीने त्याच चाकाला. मागची दोन चाके फक्त भार वाहणार. फायदा उघड आहे: मागे लांब दांडा नाही, डिफरन्शियल नाही, मागचा हौदा खाली आणि सपाट. सपाट शहरातल्या मालधक्क्यासाठी याहून काटकसरीची मांडणी सुचणे कठीण.

चढावर मात्र हीच मांडणी उलटते. समजा, मालासकट गाडी 1,500 किलोची आहे आणि माल मागे लादल्यामुळे पुढच्या चाकावर जेमतेम 300 किलो भार उरला आहे. कोरड्या डांबरावर ते चाक दोनशे किलोंच्या आसपास ओढ रस्त्याला देऊ शकते. 15 फुटांमागे 1 फूट अशा वळणावर चढायला 100 किलो, शिवाय चाकांच्या घर्षणासाठी वीस-पंचवीस किलो ओढ लागते. म्हणजे उन्हाळ्यात काम भागते, हात राखूनही भागते. पण आषाढात कड्यावरून वाहत आलेली लाल माती डांबरावर पसरली की पकड निम्म्यावर येते, आणि हिशेब शंभर-सव्वाशेच्या काठावर येऊन थांबतो. शिवाय चढावर भार आणखी मागे सरकतो, म्हणजे पकड जेव्हा सर्वात जास्त हवी तेव्हाच ओढणारे चाक हलके होते. हा आकड्यांचा खेळ नुसत्या कल्पनेतला नाही. माल केबिनच्या पाठीला टेकवून भरायचा, हा टेम्पो भरण्याचा साधा शहाणपणा त्याच हिशेबातून येतो. चढ 22 ऐवजी 10 फुटांमागे 1 फूट असता, तर अशी भरलेली गाडी पावसाळ्यात वाईच्या बाजारातच उभी राहिली असती. म्हणून श्रेय द्यायचे तर ते बैलांसाठी रस्ता आखणाऱ्याला द्यायला हवे.

उतरताना प्रकरण अधिक बिकट होते, आणि देखभालीचा इतिहास इथेच खऱ्या अर्थाने सुरू होतो. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला तेल मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिन वेगाने फिरते पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे वंगणही बंद. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘जाम’ होते. ते टाळायला न्यूट्रलमध्ये उतरावे, तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात. मधला मार्ग म्हणजे उतारावरही अधूनमधून ॲक्सिलरेटर देत राहणे. सपाटीवर याची गरज पडत नाही. चढताना वेगळीच अडचण. पाचगणीला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक सप्तमांशाने कमी. खालच्या हवेसाठी लावलेला कार्बोरेटर वर गेल्यावर पेट्रोल जास्त देतो, प्लग काळा पडतो, इंजिन गुदमरते. अशा गाडीची निगा म्हणजे प्लग काढून घासणे, पॉइंट साफ करणे, साखळी ताणणे, ठरावीक दिवसांनी सिलिंडर हेड उतरवून कार्बन खरवडणे, सायलेन्सर जाळून मोकळा करणे, आणि रिंग गेली की बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे. यातले जवळजवळ प्रत्येक काम पाने, रॉकेल आणि लेथ असलेल्या कोणत्याही छोट्या वर्कशॉपमध्ये होते. शेतीपंप आणि नांगर बनवणारे किर्लोस्करवाडी 1910 पासून ज्या सांगली भागात उभे आहे, तिथे लेथवर हात बसलेल्या कारागिरांची वाण पडण्याचे कारण नव्हते. गाडी टिकली ती या निगेवर. ‘दणकट’ हे विशेषण तिला नंतर चिकटले.

यावर एक वजनदार आक्षेप घेता येतो. तीन चाकांची गाडी मुळातच रानावनासाठी बनवता येते, हे जपानने सिद्ध केले नाही का? होंडाने 1970 मध्ये आणलेले, पुढे एटीसी म्हणून गाजलेले वाहन खरोखरच वाळू, बर्फ आणि चिखलात चालत असे. पण त्याच्या यशाचे रहस्य चाकांच्या संख्येत नव्हते. फुग्यासारख्या जाड टायरांत मोटारीच्या टायरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकीच हवा भरलेली असे, त्यामुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरून चाक रुतत नसे. सुरुवातीच्या गाड्यांना वेगळे सस्पेन्शन नव्हते, टायरच ते काम करीत. ओढ मागच्या अख्ख्या आसाला होती, डिफरन्शियल नव्हते, म्हणून वळताना स्वाराला अंग झुकवून गाडी वळवावी लागे. तीन चाके हा या गाडीचा कच्चाच दुवा निघाला. अपघात वाढले आणि 1988 मध्ये अमेरिकेत झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार उत्पादकांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. चारचाकी मात्र चालू राहिल्या. कारण भूमितीचे आहे. गाडीच्या तीन टेकूंचा त्रिकोण पुढे निमुळता असतो. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाकडे सरकतो, आणि त्याच क्षणी वळण घेतले तर गाडी कलंडायला थोडकेच निमित्त पुरते. पसरणीच्या तीव्र वळणांवर नेमके हेच तिन्ही योग एकत्र येतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: गाडी एवढी लंगडी होती, तर सातारा-सांगलीत गल्लोगल्ली तीनचाकीच का दिसल्या? कारण खरेदीदार रस्त्याची परीक्षा घेत नाही, हप्त्याची घेतो. एसटी दिवसातून दोनदा जाणाऱ्या गावाला वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, करायचे, तर सहा आसनी रिक्षा परवडते, जीप परवडत नाही. बारामतीला 1999 पासून पिॲजिओची अ‍ॅपे बनू लागली आणि आकुर्डीच्या कंपनीची मिनिडोर होतीच. या पिढीने जुन्या टेम्पोची मुख्य खोड मोडली होती. ओढ मागच्या दोन चाकांना दिली होती, जिथे माणसे बसतात आणि जिकडे चढावर भार सरकतो. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला वंगणही स्वतंत्र मिळू लागले. पुढचे एकटे चाक तसेच राहिले, त्यामुळे घाट उतरतानाचा धोका तसाच राहिला. लांबच्या घाटवाटांवर वडाप हळूहळू ट्रॅक्स आणि जीपकडे वळली, ती याच कारणाने. सपाटीवरच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या तीनचाकीकडेच राहिल्या, आणि मला ती वाटणी अगदी न्याय्य वाटते.

जांभ्याच्या पठारावर तीनचाकी चालवण्याचा आजचा प्रयोग पाचगणीत नव्हे, माथेरानला झाला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली आणि 2025 मध्ये माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा जाणे योग्यच होते. त्यावर वाद घालायचे कारण नाही. पण वाद झाला तो वाहनावर कमी आणि रस्त्यावर जास्त. लाल मातीच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाहीत, हा खटल्यातला खरा काटा होता. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ते मान्य केले आणि आतल्या वाटांवर नाकारले. विजेवर चालणाऱ्या नव्या तीनचाकीलाही म्हणजे आधी रस्ता करून द्यावा लागला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या जांभ्यावर कुणी ‘कुठेही जाणारी’ गाडी नेऊ म्हणाला, तर तिच्या टायरात हवा किती आणि तिच्यासाठी खाली काय अंथरावे लागणार, हे दोन प्रश्न त्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवेत.