शेवटच्या घरापासून: इमारतीतील दूरचित्रवाणी वितरणाची प्रस्तावना

इमारतीपर्यंत सिग्नल आणणे आणि तो इमारतीतल्या प्रत्येक घरात पुरेसा पोहोचवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामावर भरपूर लिहिले गेले आहे. दुसरे काम जिन्यात, डक्टमध्ये आणि गच्चीवरच्या टाकीमागे चालते, म्हणून अभ्यासाचा विषय म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही. ते करणारी माणसे कुणाच्या तरी हाताखाली शिकली आणि पुढच्या पोरांना त्यांनी तसेच शिकवले. या हातांतल्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याला हिशेबाची जोड मिळावी, यासाठी हे लेखन आहे. वायरमन असो, अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो की सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्या प्रत्येकाचे या विषयात स्वागत आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा वाटणीचा प्रश्नच नव्हता. एका संचाला एक अँटेना आणि एक तार. कौलांवर आणि गच्च्यांवर दिसू लागलेल्या त्या आडव्या काड्यांच्या अँटेनाची रचना यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये मांडली होती. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लीतल्या एका मोठ्या छत्रीवरून शेकडो घरांत केबल जाऊ लागली. १९९५ मध्ये केबल नेटवर्कसाठी कायदा झाला. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या केबलवरचे ॲनालॉग प्रसारण थांबले आणि सेट-टॉप बॉक्स अपरिहार्य झाला.

या शेवटच्या बदलाने बिघाडाचे रूपच पालटले. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत, केबलमध्ये परावर्तन झाले की प्रत्येक चेहऱ्याच्या बाजूला दुसरी फिकट छाया दिसे. दोष हळूहळू वाढे आणि डोळ्यांना कळे. डिजिटल चित्र मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते, मग अचानक त्याचे चौकोन पडतात आणि ते थिजते. आज उत्तम दिसणारे चित्र काठावर उभे आहे की सुरक्षित अंतरावर, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून सिग्नल मोजणाऱ्या मीटरशिवाय हे काम करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

आता मूळ मुद्दा. या क्षेत्राचे चलन डेसिबल. शक्ती निम्मी झाली की ३ डेसिबल गेले, दहावा हिस्सा उरला की १० गेले. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर तत्त्वतः ३ आणि प्रत्यक्षात साडेतीन-चार डेसिबल खातो. टॅप वेगळा: तो मुख्य केबलमधून ठरावीक वाटा बाजूला काढतो आणि उरलेला सिग्नल पुढे जाऊ देतो. कोणत्या मजल्यावर किती डेसिबलचा टॅप बसवायचा, यातच निम्मे शास्त्र आले. पंगतीत वाढणारा शेवटचे पान डोळ्यांसमोर ठेवूनच वाढतो. इथेही हिशेब शेवटच्या घरापासून मांडायचा.

सात मजल्यांची एक विंग घेऊ, मजल्याला चार घरे, ॲम्प्लिफायर गच्चीवर. प्रत्येक संचापाशी निदान ६० डेसिबल-मायक्रोव्होल्ट (एका मायक्रोव्होल्टच्या तुलनेत मोजलेली पातळी) हवेत असे धरू. घरातल्या १५ मीटर आरजी-६ केबलमध्ये वरच्या वारंवारतेला सुमारे ३ जातात, म्हणजे टॅपच्या तोंडाशी ६३ हवेत. सगळ्यांत खालच्या मजल्यावर ८ डेसिबलचा, तिथेच संपणारा टॅप लावला तर मुख्य केबलवर ७१ लागतील. त्याच्या वरच्या मजल्यावर ११ चा टॅप. तो पुढे जाणाऱ्या सिग्नलमधून साडेतीनच्या आसपास खातो आणि दोन मजल्यांमधल्या आरजी-११ केबलमध्ये अर्ध्या डेसिबलहून थोडे कमी जाते. बेरीज झाली ७५. त्यातून ११ वजा केले की तिथल्या घरांना ६४ मिळतात. असेच १४ चा, मग १७ चे दोन आणि वरती २० चे दोन टॅप लावत गच्चीवर पोहोचले की आकडा ८४-८५ च्या घरात येतो. ॲम्प्लिफायरने द्यायचे ते एवढेच. पहिल्या मजल्यावर आणि सातव्यावर जवळजवळ सारखा सिग्नल.

हा हिशेब न करता एकापुढे एक स्प्लिटर जोडत खाली यायचे आणि तळमजल्याची तक्रार आली की ॲम्प्लिफायर पूर्ण चढवायचा, ही सवय फार पसरलेली आहे. क्षमतेपलीकडे चढवलेला ॲम्प्लिफायर वाहिन्यांची एकमेकींत सरमिसळ करतो. ती विकृती सिग्नलसोबत साऱ्या विंगमध्ये उतरते आणि पुढे कोणत्याही उपकरणाने निघत नाही.

दुसरी अडचण केबलच्या स्वभावात आहे. १०० मीटर आरजी-६ मध्ये ५५ मेगाहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल जातात, ८६० ला सुमारे २०. लांबच्या घरात काही वाहिन्या छान दिसतात आणि काही येतच नाहीत, ते यामुळे. तिथे आवाज चढवल्यासारखा सगळा सिग्नल चढवून भागत नाही. खालच्या वारंवारता दाबून उतार सपाट करणारा इक्वलायझर लागतो.

आकड्यांइतकेच लक्ष एफ कनेक्टरकडे द्यावे. केबल सोलताना पांढरा फेस कनेक्टरच्या आतल्या काठाशी सपाट बसला पाहिजे, जाळी मागे दुमडलेली हवी आणि मधली तार काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर निघालेली हवी. जाळीचा एकच केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला की शॉर्ट झाला. डिशच्या केबलमधून डिशसमोरच्या, सिग्नल टिपणाऱ्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टही जातात, त्यामुळे तिथे हा धागा अख्खे काम थांबवतो. मुंबई-कोकणात तर पावसाळा आणि खारी हवा हेच खरे परीक्षक. गच्चीवरच्या सांध्यातून शिरलेले पाणी जाळीतून मीटरच्या मीटर आत झिरपते. म्हणून केबल भिंतीत किंवा बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यावी. पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते.

डिशची दिशा हे भूमितीचे सुंदर उदाहरण आहे. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच येतो. एलएनबी मध्यापासून बाजूला असलेली ऑफसेट डिश तितकी वर बघताना दिसत नाही आणि नवशिका तिथेच फसतो. सेट-टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट देऊन उभे-आडवे ध्रुवण निवडतो. एका डिशवर अनेक घरे चालवायची तर साधा स्प्लिटर पुरत नाही, मल्टिस्विच लागतो.

अर्थिंगबद्दल कोणी विचारत नाही आणि ते फार महत्त्वाचे आहे. बॉक्सच्या मागे केबल लावताना बोटांना झिणझिण्या येतात, त्या बॉक्स आणि केबलची जाळी यांच्यातल्या विद्युतदाबाच्या फरकामुळे. डिशचा खांब आणि केबलची जाळी इमारतीच्या अर्थला जोडलेलीच हवी. वीज पडते त्या प्रदेशात तर यावर तडजोड नको.

वास्तुविशारदांना एक आग्रहाची विनंती. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत संपर्क-सुविधांसाठी स्वतंत्र विभाग आहे. डक्ट आणि नळ्या प्लास्टरच्या आधी नकाशावर आल्या तर पुढे भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि खिडक्यांतून केबल लोंबत नाहीत.

फायबर आल्यावर हे सारे शिकायचे कशाला, असे विद्यार्थी विचारतात. काचेच्या तंतूत अंतराचा तोटा नगण्य होतो हे खरे. पण एका तंतूचे ३२ वाटे करणारा स्प्लिटर म्हणजे पाच वेळा निम्मे करणे: तत्त्वतः १५ डेसिबल, प्रत्यक्षात १७ च्या आसपास. तिथेही बेरीज शेवटच्या घरापासूनच करावी लागते. तेव्हा पुढे वाचण्याआधी आपल्याच इमारतीचा एक साधा नकाशा काढा. गच्चीपासून शेवटच्या सॉकेटपर्यंत केबलची लांबी, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक टॅपचे डेसिबल त्यावर लिहा, आणि बेरीज तळमजल्यावरून सुरू करा.