रत्नागिरीचे ऐकणे, पाहणे आणि जतन

गावाचा इतिहास सांगताना आपण राजे, बंदरे आणि थोर पुरुष यांची नावे घेतो. रत्नागिरीपाशी अशी नावे पुष्कळ आहेत. परंतु बाहेरचे जग गावाला कसे कळत गेले आणि गावाचे मन बाहेर कसे पोहोचले, हाही इतिहासच होय. आज घरोघरी इंटरनेटला जोडलेला टी.व्ही. आणि हातोहाती मोबाईल आला असताना या इतिहासाकडे आपण एकवार पाहावयास हवे.

त्याचा आरंभ यंत्रापासून नव्हे, ग्रंथांपासून होतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. म्हणजे मराठी वर्तमानपत्र जन्मण्यापूर्वीच येथे वाचनालय होते. वाचनालय म्हणजे केवळ वाचण्याची जागा नव्हे. आलेले जपून ठेवण्याचीही ती जागा. हा दुसरा गुण ध्यानात ठेवावा, पुढे त्याचेच काम पडणार आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओ पुढेही कित्येक वर्षे महाग वस्तू होती आणि त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे. त्यामुळे एकाच्या घरचा रेडिओ साऱ्या आळीचा होई. या सामुदायिक ऐकण्याचे मोल १९५६ साली शास्त्रशुद्ध रीतीने तपासले गेले. युनेस्कोच्या साह्याने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापिली. वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, मग त्यावर आपसांत बोलावे, अशी ती योजना होती. आमचा जिल्हा त्या पाचांत नव्हता. पण नुसत्या ऐकण्यापेक्षा ऐकून बोलण्यात अधिक बळ असते, हा त्यातला धडा सर्वांसाठीच होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे पसरले आणि जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा टी.व्ही. असलेल्या घराची ओटी रविवारी सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरून जाऊ लागली. तथापि या साऱ्या काळात प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. मुंबई-दिल्लीने बोलावे आणि कोकणाने ऐकावे. रत्नागिरीला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र झाले आणि आपली बोली, आपली गाणी हवेत गेली, तो एवढाच काय तो अपवाद.

हा प्रवाह गेल्या दहा वर्षांत फिरला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१४ साली देशातील मोबाईल इंटरनेटचा माणशी सरासरी वापर महिन्याला एक जी.बी.देखील नव्हता, २०२४ मध्ये तो वीस जी.बी.च्या पुढे गेला. त्यातला मोठा भाग चलच्चित्रांचा. परदेशी मालिका आमच्या माजघरात आल्या, हे खरेच. पण संगमेश्वर-लांज्याकडचे नमन आणि जाखडीही यूट्यूबवर गेली. शिमग्याला रजा न मिळालेला चाकरमानी विरार-डोंबिवलीच्या खोलीत बसून गावची पालखी नाचताना पाहू लागला. जेथून मनिऑर्डर यायची, तेथे आता गावाकडून ढोलाचा आवाज जातो. रत्नागिरी ऐकणारी होती, ती सांगणारी झाली.

याची किंमतही आपण मोजतो आहोत. एका घरात चार माणसे चार पडद्यांकडे पाहतात आणि पुढे काय पाहावे हे पुष्कळदा यंत्रच ठरविते. परंतु याहून मोठी गोष्ट जतनाची आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची योग्यायोग्यता हा येथे विषय नाही. खेड्यापाड्यांतल्या मुलांनी तेथे टाकलेली गाणी आणि नाच पाहणाऱ्यांच्या दृष्टीने एकाएकी नाहीसे झाले, एवढे मात्र खरे. आपले नमन ज्या कोठारात आहे, त्याची किल्ली आपल्यापाशी नाही.

कागदही अमर नाही. चिपळूणचे १८६४ सालचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत बुडाले. पण तेथे काय गेले आणि काय उरले हे आपल्याला पाहता आले, कारण ते आपले होते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ज्या जिल्ह्याने १८२८ साली ग्रंथ जपावयास आरंभ केला, त्याने आता चित्र आणि आवाजही जपावेत. मंडळाने नमन यूट्यूबवर जरूर टाकावे. पण कलावंतांच्या संमतीने त्याची मूळ प्रत वाचनालयातही द्यावी. सोबत गाव, साल, खेळ्यांची नावे आणि गीत रचणाऱ्याचे नाव लिहावे. एक प्रत एका गावी, दुसरी दुसऱ्या गावी, आणि दोन्ही पुराच्या रेषेच्या वर ठेवाव्यात. वर्षातून एकदा त्या काढून सर्वांनी मिळून पाहाव्यात आणि त्यावर बोलावे. याला फार पैसा लागत नाही. एक कपाट, एक यंत्र आणि नोंदी ठेवणारा एक चिकाटीचा माणूस एवढे पुरे. शंभर वर्षांनी कुणी विचारील की २०२० च्या सुमारास रत्नागिरीत शिमगा कसा होत असे, तर त्याला दाखविण्यासारखे काही आपल्याच कपाटात असले पाहिजे.