पोपटीचं वय किती?

"सर, विषय कसा निवडायचा?" या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे, तो म्हणजे निवडलेल्या विषयाबद्दल आपण किती बोलू शकतो? आज हे एका मडक्याच्या उदाहरणाने पाहूया.

थंडीत अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे गेलात तर संध्याकाळी शेतात जाळ दिसेल. तिथे पोपटी लागलेली असते. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मध्ये मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र वाजलं की पोपटी झाली. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांतल्या आणि पाल्यातल्या पाण्याचीच वाफ होते.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून खाद्य-इतिहासाकडे वळले. पीएचडीच्या पहिल्या मसुद्यात मी दोन वाक्यं मोठ्या रुबाबात लिहिली होती. 'पोपटी ही हजारो वर्षांची परंपरा आहे' आणि 'तिचं नातं थेट पॉलिनेशियाशी असावं.' मार्गदर्शकांनी दोन्हींखाली लाल रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?' तेव्हा राग आला. आता वाटतं, अख्ख्या प्रबंधातला सगळ्यात उपयोगी शेरा तोच.

आधी दुसरं वाक्य घेऊ. हवाई बेटांवर लाऊलाऊ नावाचा पदार्थ आहे. डुकराचं मांस किंवा मासा अळूच्या पानांत गुंडाळतात, वरून टी नावाच्या झाडाचं पान बांधतात. पारंपरिक पद्धतीत हे पुडके 'इमू'त, म्हणजे तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, पुरून वाफवतात. पान, मांस, वाफ हे सगळं पोपटीसारखंच! पण कारण बघा. पॉलिनेशियन लोकांच्या पूर्वजांकडे, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लापिता संस्कृतीकडे, मातीची भांडी होती. पुढे ती मागे पडली. हवाईत तर मडकी घडवलीच जात नव्हती. तिथे मडक्याचं काम खड्ड्याने केलं. आपल्याकडे कुंभार होता, म्हणून मडकं उलटं करून भागलं. ओलावा कोंडून मांस शिजवायचं हा प्रश्न एकच होता, त्याची उत्तरं दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निघू शकतात. साम्य दिसलं म्हणजे नातं सिद्ध झालं असं नाही.

रताळं तर याहून चांगलं शिकवतं. ते मूळचं अमेरिकेतलं. इमूतही भाजतात, पोपटीतही. पण पॉलिनेशियात ते युरोपीय जहाजं पोचण्याआधीच पोचलं होतं. आपल्याकडे मात्र ते पोर्तुगीज काळात आलं. वस्तू एक, वाटा दोन.

नातं शोधायचंच तर आधी शेजारी बघा. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे उंबाडियुं करतात. त्यातही पापडीच्या शेंगा, कंद, सुगंधी पाला आणि उलटं मडकं असतं. हंगामही थंडीचाच. तुलना सात समुद्रापलीकडे नेण्याआधी चार जिल्हे ओलांडा.

आता पहिलं वाक्य. पोपटीला एकच वय नाही, थर आहेत. वाल सगळ्यात जुना. दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत त्याचे जळालेले दाणे मिळाले आहेत. बटाटा आणि मसाल्यातली मिरची अमेरिकेतली, म्हणजे १४९८ मध्ये वास्को द गामा येण्याआधी ती इथे असणं शक्य नाही. पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला तो १५२१ मध्ये. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये वालाचं पीक नोंदलेलं आहे. पण पिकाची नोंद म्हणजे पदार्थाची नोंद नव्हे, हे विसरू नका.

मग पोपटीचा भौतिक पुरावा? इमूचा खड्डा जमिनीत राहतो. तडकलेले दगड, कोळसा सापडतो आणि कोळशाचं कार्बन-वय काढता येतं. पोपटी जमिनीवर लागते. राख पुढच्या नांगरणीत मिसळते आणि फुटलेलं मडकं इतर खापरांसारखंच दिसतं. म्हणून इथला मुख्य दस्तऐवज म्हणजे माणसं. कुठल्या शेतातल्या शेंगा, कुठला पाला, कोण मडकं लावायचं, हे सांगणारे आजी-आजोबा. भातानंतर वाल पेरायची ती शेतं आता बंगल्यांच्या प्लॉटमध्ये चालली आहेत. हा दस्तऐवज ग्रंथालयात वाट बघत बसणार नाही.

माझं ते वाक्य आता असं आहे: 'पोपटीतले घटक वेगवेगळ्या काळांत एकत्र आले.' रुबाब कमी झाला, पण 'कशावरून?' विचारलं तर उत्तर आहे. तुमच्या आराखड्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य काढा आणि त्याच्यापुढे हा एक शब्द लिहून बघा.